ठाऊक असलेल्या कथेची प्रतीक्षा

ज्या कथेचा शेवट ऐकणाऱ्याला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याच कथेच्या नव्या सादरीकरणाची तो एवढ्या आतुरतेने वाट का पाहतो, हा प्रश्न वरवर पाहता करमणुकीच्या व्यवसायाचा वाटतो. परंतु ती कथा जेव्हा कुलदेवतेची असते तेव्हा तो धर्मचिंतनाचा प्रश्न होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेच्या दिवशी, कलर्स मराठी वाहिनीवर ‘आई तुळजाभवानी’ ही मालिका सुरू झाली. तिची निर्मिती कोठारे व्हिजन या संस्थेची, जिने त्यापूर्वी खंडोबाच्या चरित्रावरील ‘जय मल्हार’ ही मालिका मराठी घराघरांत पोहोचवली होती. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे त्या देवीचे ठाणे. महाराष्ट्रात साडेतीन शक्तिपीठे मानली जातात, म्हणजे कोल्हापूर, तुळजापूर व माहूर ही पूर्ण आणि वणीची सप्तशृंगी हे अर्धे, त्यांतील हे एक पूर्ण पीठ. अशा ठिकाणच्या माणसाला अशा मालिकेबद्दल जी उत्सुकता वाटते ती एखाद्या आवडत्या कादंबरीच्या रूपांतराबद्दल वाटणाऱ्या उत्सुकतेच्याच जातीची आहे की वेगळ्या, याचा विचार येथे करायचा आहे.

कादंबरीच्या रूपांतराबद्दलच्या उत्सुकतेचे अलीकडचे सर्वांत मोठे उदाहरण जे. आर. आर. टॉल्किन यांच्या साहित्यावरील ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेचे आहे. अॅमेझॉनने तिची घोषणा नोव्हेंबर २०१७ मध्ये केली आणि तिचे पहिले भाग सप्टेंबर २०२२ मध्ये दिसले. केवळ हक्कांसाठी सुमारे २५ कोटी डॉलर आणि पहिल्या पर्वासाठी सुमारे ४६ कोटी डॉलर खर्च झाल्याचे प्रसिद्ध झाले. मधल्या जवळजवळ पाच वर्षांत चाहत्यांनी प्रत्येक छायाचित्राची छाननी केली, आणि पात्रांच्या केसांपासून वर्णापर्यंत प्रत्येक गोष्ट मूळ ग्रंथाशी ताडून पाहिली. टॉल्किन यांनी स्वतः १९३९ मध्ये परीकथांवर दिलेल्या व्याख्यानात अशा श्रद्धेची मीमांसा केली होती. त्यांच्या मते अद्भुतकथा लिहिणारा एक दुय्यम विश्व घडवतो, म्हणजे स्वतःचे नियम असलेले असे जग की ज्याच्या आत वाचक असेपर्यंत तेथील घटना त्याला खऱ्याच असतात. अविश्वास जागा होताच ती जादू मोडते आणि वाचक बाहेर फेकला जातो. याच व्याख्यानात त्यांनी असेही मत मांडले की रंगमंचावर अद्भुत क्वचितच टिकते, कारण तेथे ते डोळ्यांपुढे उभे करावे लागते. चाहत्याच्या प्रतीक्षेतील भीती नेमकी हीच असते. आपण मनात जपलेले जग कोणीतरी दाखवेल आणि ते दाखवतानाच मोडेल, अशी ती भीती आहे, आणि ती खोटी नाही.

तथापि चाहता आणि कुळाचारी भक्त यांच्यातील भेद येथूनच सुरू होतो. चाहता आपला ग्रंथ निवडतो, आणि निवडलेली गोष्ट सोडण्याचे स्वातंत्र्य त्याला नेहमी असते. कुलदेवता कोणी निवडत नाही. ती जन्माने किंवा विवाहाने लाभते, आणि तिच्यासोबत कुळाचार लाभतो, म्हणजे त्या देवतेप्रती घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या पाळायची कर्तव्ये. लग्न झाले की गोंधळ घालावा लागतो, नवरात्रात घट बसवावा लागतो, काही घरांत स्त्रिया मंगळवारी व शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ आणि हातात परडी घेऊन जोगवा मागतात. हे सारे आवडीवर अवलंबून नाही. म्हणून चाहता विचारतो की मालिका चांगली होईल का. ज्याच्या घरी तुळजाभवानीचा टाक पूजला जातो तो विचारतो की सारे रीतीप्रमाणे होईल का. पहिला प्रश्न कलाकृतीच्या गुणवत्तेचा आहे, दुसरा आचाराच्या यथार्थतेचा. वृत्तपत्रांत आणि चर्चांत हे दोन्ही प्रश्न ‘प्रेक्षकांच्या अपेक्षा’ या एकाच नावाखाली येतात, आणि त्यामुळे दोघांवरही अन्याय होतो.

कुळाचारी माणसाची प्रतीक्षा तुळजापूरच्या पंचांगाने घडवलेली आहे. येथील गंडकी शिळेची अष्टभुजा महिषासुरमर्दिनीची मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावर कायमची जखडलेली नसून विधीपूर्वक हलवता येते. भाद्रपद वद्य अष्टमीला ती सिंहासनावरून उतरवून शेजघरातील पलंगावर निजवली जाते. हिला मंचकी निद्रा म्हणतात, आणि तिच्याआधी गाद्यांसाठी कापूस पिंजण्याची सेवा केली जाते. आश्विन शुद्ध प्रतिपदेला पहाटे मूर्ती पुन्हा सिंहासनावर बसते आणि मग घटस्थापना होते. नवरात्राच्या आरंभी गावोगावची तरुण मुले तुळजापूरला येऊन ज्योत पेटवून घेतात आणि ती विझू न देता आळीपाळीने धावत, अनवाणी, आपल्या गावी नेतात. धाराशिव, सोलापूर, लातूर या भागांतील रस्त्यांवर त्या दिवसांत मशाल हाती धरलेला एक धावणारा आणि त्याच्या मागे वाहनात बसलेले, आपली पाळी येण्याची वाट पाहणारे सोबती हे दृश्य नित्याचे असते. घरात पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती पसरून तीत धान्य पेरतात, वर घट ठेवतात, रोज एक माळ बांधतात आणि नंदादीप अखंड तेवता ठेवतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून मातीतून पिवळसर कोंब वर येऊ लागतात आणि दसऱ्याला तेच तुरे म्हणून टोपीत किंवा केसांत खोवले जातात. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी बुऱ्हाणनगरहून पालखी येते, देवीला अनेक साड्यांची दिंड बांधून पालखीत बसवतात, प्रदक्षिणा होते आणि देवी पुन्हा निद्रा घेते. या वेळची निद्रा श्रमनिद्रा, युद्धाच्या शिणवट्यानंतरची. ती कोजागिरी पौर्णिमेला संपते, आणि त्या पौर्णिमेसाठी सोलापूरहून सुमारे ४५ किलोमीटरची वाट असंख्य माणसे पायी चालून येतात.

या साऱ्या क्रमात पुढे काय होणार याबद्दल कोणालाही शंका नसते. नवरात्रात देवीला रथ, मुरली, शेषशायी, भवानी तलवार, महिषासुरमर्दिनी असे अलंकार घातले जातात, म्हणजे त्या त्या दिवशी वस्त्राभूषणांतून एकेक प्रसंग मूर्तीवर उभा केला जातो. शेषशायी अलंकारामागे विष्णूच्या डोळ्यांत वसलेल्या योगनिद्रेची, दुर्गासप्तशतीच्या पहिल्या चरितात आलेली कथा आहे, तर भवानी तलवार अलंकारात देवी छत्रपती शिवाजी महाराजांना तलवार देते. उद्या कोणता अलंकार हे सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, रांग लागते. (जी देवी सप्तशतीत स्वतः निद्रारूपाने वर्णिली आहे तिलाच येथे वर्षातून तीनदा निजवावे आणि जागवावे, यात या क्षेत्राची स्वतःची एक खोल समजूत दिसते.) चाहत्याची उत्सुकता न कळलेल्या गोष्टीकडे धावते, येथील प्रतीक्षा कळलेल्या गोष्टीच्या पुन्हा घडण्याकडे लागलेली असते. प्रतीक्षेचा हा दुसरा प्रकार कमी तीव्र आहे असे समजणे चूक ठरेल, कारण विरहात ज्याची वाट पाहायची तो पूर्ण ओळखीचा असतो आणि ओळखीमुळेच ती वाट जड होते.

मग रूपांतराच्या विश्वासूपणाचा प्रश्न येतो. मालिकेने कोणत्या ग्रंथाशी प्रामाणिक राहायचे? टॉल्किनच्या चाहत्यापुढे छापील पाने असतात. तुळजाभवानीबाबत उत्तर सोपे नाही. स्कंदपुराणातील म्हणून मानल्या जाणाऱ्या माहात्म्यात कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिची कथा आहे: पतीच्या निधनानंतर ती मंदाकिनीच्या काठी तप करीत असता कुकुर नावाचा दैत्य तिच्या शीलावर घाला घालू पाहतो, तिच्या हाकेला देवी त्वरेने धावून येते, महिषरूप घेतलेल्या दैत्याला मारते आणि तिच्या विनंतीवरून बालाघाटाच्या या डोंगरावर राहते. दुसरीकडे सप्तशतीतील महिषासुराचे युद्ध आहे, जे मेधा ऋषी राज्य गमावलेल्या सुरथ राजाला आणि घरच्यांनी हाकलून दिलेल्या समाधी नावाच्या वैश्याला सांगतात. मूर्तीसोबत कोरलेल्या आकृतींत परंपरेने मार्कंडेय ऋषी आणि अनुभूती ओळखले जातात. म्हणजे सप्तशती ज्या पुराणात येते त्याचा ऋषी आणि जिच्यासाठी कथा घडली ती स्त्री, दोघेही मूर्तीच्या शिळेतच आहेत. तिसरा प्रवाह गोंधळाचा आहे. गोंधळ म्हणजे देवीच्या नावाने रात्रभर चालणारे विधिनाट्य: चौकात पाटावर नवे वस्त्र, त्यावर धान्याची रास, कलश, विड्याची पाने, नारळ, भोवती उसाचे मखर, पेटलेली दिवटी, संबळ आणि तुणतुणे. गोंधळ्यांचे रेणुराई आणि कदमराई असे दोन मोठे वर्ग आहेत. पहिले माहूरच्या रेणुकेचे, दुसरे तुळजाभवानीचे. गोंधळात आधी सर्व दैवतांना नाव घेऊन बोलावले जाते, मग गोंधळ्यांचा नाईक आख्यान लावतो, आणि शेवटी आरती होऊन चौक मोडला जातो. रा. चिं. ढेरे यांनी गोंधळ आणि तुळजाभवानी या दोन्ही विषयांवर लिहून दाखवून दिले की देवीचे चरित्र संस्कृत माहात्म्याइतकेच या लोकविधींत वसलेले आहे. तेव्हा ‘मूळ ग्रंथ’ एकच धरून बाकी सारे भेसळ ठरवणे हे या क्षेत्राच्या इतिहासाला धरून नाही. येथे पाठभेद हीच परंपरा आहे.

यापेक्षा कठीण प्रश्न अभिनेत्रीचा. जी स्त्री पडद्यावर देवी म्हणून दिसते तिच्याकडे पाहताना पाहणाऱ्याच्या मनात नेमके कोणते ज्ञान होते? नवव्या शतकातील काश्मीरचा आचार्य श्रीशंकुक, ज्याचे विचार अभिनवगुप्ताच्या ‘अभिनवभारती’तून कळतात, त्याने याचे उत्तर चित्रतुरगन्यायाने दिले. चित्रतुरग म्हणजे चित्रातला घोडा. तो पाहून ‘हा घोडा’ असे आपण म्हणतो, पण ते खऱ्या घोड्याचे सम्यक ज्ञान नव्हे. तो भ्रमही नव्हे, कारण कोणी त्यावर बसायला जात नाही. हा घोडा की दुसरे काही असा संशयही नसतो. आणि ‘हे घोड्यासारखे आहे’ अशी निव्वळ सादृश्याची जाणीवही नसते. नटाकडे पाहून होणारे ‘हा राम’ हे ज्ञान या चारांहून वेगळे, स्वतःच्या जातीचे आहे. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा रविवारी सकाळी स्नान करून, दूरचित्रवाणी संचाला हार घालून आणि उदबत्ती लावून बसणाऱ्या लोकांना अनेक शिकलेल्या निरीक्षकांनी भोळे ठरवले. शंकुकाच्या कसोटीवर ते भोळे ठरत नाहीत. त्यांना नटाचे नाव ठाऊक होते आणि तरीही हात जोडले जात होते, कारण त्यांचा नमस्कार नटालाही नव्हता आणि काचेलाही नव्हता. अभिनवगुप्ताने पुढे आणखी एक गोष्ट सांगितली आहे: रसास्वादाच्या आड येणाऱ्या विघ्नांपैकी पहिले विघ्न म्हणजे ‘असे घडूच शकत नाही’ ही असंभवाची भावना, समुद्र ओलांडण्यासारखी अलौकिक कृत्ये दाखवताना ती टाळायची असेल तर रामासारख्या प्रख्यात, म्हणजे ज्याच्यावर लोकांचा विश्वास दीर्घकाळ मुरलेला आहे अशा, नायकाची कथा घ्यावी. टॉल्किनच्या भीतीला हे थेट उत्तर आहे. ज्या जगावर विश्वास लेखकाने नव्याने निर्माण केला ते पडद्यावर सहज मोडते. ज्याच्यावरचा विश्वास प्रेक्षक घरूनच घेऊन येतो ते व्हीएफएक्स फसले तरी मोडत नाही.

या प्रश्नावर सर्वांत मार्मिक भाष्य मात्र काश्मीरच्या आचार्यांनी केलेले नाही. ते तुळजापूरच्याच स्थलकथेत आहे, आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीबद्दलही तसेच सांगितले जाते. सीतेच्या शोधात राम वनोवन फिरत असता पार्वतीने त्याची परीक्षा घेण्यासाठी सीतेचे रूप घेतले आणि ती त्याच्यापुढे उभी राहिली. रामाने तिला तत्क्षणी ओळखले आणि माता म्हणून वंदन केले. तेव्हा प्रसन्न होऊन देवीने घाटशीळ नावाच्या शिळेवरून त्याला लंकेची दिशा दाखवली. तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’त सती सीतेचे रूप घेते तो प्रसंग आहे, पण तेथे त्याचा परिणाम सतीच्या दुःखात होतो, तुळजापूरच्या कथेत तो मार्गदर्शनात होतो, आणि हा फरक फार मोलाचा आहे. या कथेत देवी स्वतः एक भूमिका करते. जिची राम सर्वांहून अधिक वाट पाहत आहे तिचेच रूप, कोठेही न चुकता, त्याच्यापुढे उभे केले जाते. रूपांतराचा विश्वासूपणा म्हणून चाहता जे मागतो ते सारे त्या रूपात आहे: चेहरा तोच, वस्त्र तेच, आवाज तोच. तरीही राम त्या हुबेहूबपणात अडकत नाही, आणि त्याचबरोबर ‘ही फसवणूक’ म्हणून तोंडही फिरवत नाही. तो रूपाच्या आत जी आहे तिला ओळखून तिला योग्य तो मान देतो. प्रतीक्षेने व्याकूळ झालेला माणूस सर्वांत आधी फसतो असे सर्वसाधारण मत आहे. ही कथा सांगते की प्रतीक्षा शुद्ध असेल तर तीच ओळख पटवते. श्रद्धावान प्रेक्षकाचा आदर्श याहून नेमका कोणत्याही नाट्यशास्त्राने सांगितलेला नाही.

येथवरच्या विवेचनावरून पौराणिक मालिकांचे सरसकट समर्थन केले जात आहे असा समज होऊ नये. त्यांत एक गंभीर दोष आहे, आणि तो सहसा सांगितला जातो त्या ठिकाणी नाही. दागिने चुकीचे, वल्कले फार रेशमी, असुर फार विद्रूप या तक्रारी किरकोळ आहेत. खरा दोष काळाचा आहे. ‘जय मल्हार’ मे २०१४ पासून एप्रिल २०१७ पर्यंत, जवळजवळ तीन वर्षे चालली; म्हाळसा, बाणाई आणि खंडोबा यांची तीच कथा वाघ्या-मुरळी जागरणात एका रात्रीत उभी करतात. रोज चालणाऱ्या मालिकेला रोज पुढच्या दिवसाची ओढ लावावी लागते, म्हणून युद्ध लांबते, शाप लांबतो, ओळख पटायला महिने लागतात, आणि ठाऊक असलेली कथा कृत्रिमपणे अज्ञात केली जाते. विधीतील प्रतीक्षेची तिथी ठरलेली असते. तिला आवाहन आहे तसे विसर्जनही आहे. देवी निजते ती अमुक दिवशी उठण्यासाठी, घट बसतो तो उठवण्यासाठी, गोंधळाचा चौक मोडल्याशिवाय कुळाचार पुरा होत नाही. मालिकेचा शेवट मात्र प्रेक्षकसंख्येच्या आकड्यांवर ठरतो, आणि ज्या देवतेला सन्मानाने बोलावले तिला कधी निरोप द्यायचा हे बोलावणाऱ्यालाच ठाऊक नसते. भक्ताच्या संयमाचे असे ग्राहकाच्या सवयीत रूपांतर होणे हीच या प्रकारातील खरी हानी आहे.

प्रतीक्षा हा हक्कही असू शकतो, हे १९८८ मध्ये पंजाबात दिसले. ‘रामायण’ ७८ भागांनंतर रामाच्या राज्याभिषेकाने संपणार आणि उत्तरकांड, म्हणजे सीतात्यागानंतरचा व वाल्मीकींच्या आश्रमातील लव-कुशांचा भाग, वगळला जाणार हे दिसू लागताच जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. ते वाल्मीकी समाजाचे होते. ऋषी वाल्मीकींना ते आपला पूर्वज मानतात, आणि ज्या भागात त्यांचा ऋषी निराधार सीतेला आसरा देतो तोच भाग दाखवला जाणार नव्हता. पुढे त्या कथेची स्वतंत्र मालिका झाली. त्या कामगारांना शेवट ठाऊक होता, उत्कंठेचा प्रश्नच नव्हता. आपला माणूस कथेत जिथे उभा आहे तिथे तो सर्वांसमोर दिसावा एवढीच त्यांची मागणी होती, आणि ती पूर्णपणे न्याय्य होती.

तुळजापूरच्या कथेतही असे अनेकजण आपापल्या जागी उभे आहेत: मूर्तीची सेवा करणारे भोपे आणि पाळीकर पुजारी, पालखी आणणारे बुऱ्हाणनगरचे मानकरी, आराधी स्त्रिया, आणि ज्यांच्या कंठात देवीची आख्याने अजून टिकून आहेत ते कदमराई गोंधळी. संस्कृत माहात्म्य छापलेले आहे, ते कोणीही केव्हाही वाचू शकतो. नाईकाच्या तोंडचे आख्यान मात्र त्याच्या मुलाने संबळ हाती घेतला नाही तर त्याच्याबरोबर जाते. तुळजाभवानीवर यापुढे जे मालिका किंवा चित्रपट करतील त्यांनी पटकथा लिहिण्याआधी धाराशिव, लातूर आणि सोलापूर जिल्ह्यांतील गावांत बसून ही आख्याने संपूर्ण रात्र ऐकावीत, ती ध्वनिमुद्रित करून ठेवावीत, गोंधळ्यांना त्याचे रीतसर मानधन द्यावे, श्रेयनामावलीत त्यांची नावे लिहावीत, आणि देवीला घटस्थापनेला बोलावले तर तिला निरोप कोणत्या दिवशी देणार हे पहिल्याच भागात जाहीर करावे.